पुढे, पुढे, समाप्त: एका बेस क्लासचं वाचन

मागे बसलेल्यांना ऐकू येतंय ना? छान. जे घरून पाहताहेत त्यांनी प्रश्न लिहून पाठवत राहावं, आम्ही मधेमधे घेत जाऊ. सगळे प्रश्न शेवटी ठेवले की वेळ संपते आणि प्रश्न तसेच राहतात, हा आमचा अनुभव आहे.

आज समीक्षेसाठी घेतलेला मजकूर जावा भाषेतला आहे. इझपॅक नावाचं इन्स्टॉलर बनवण्याचं एक मुक्त साधन आहे, त्यातला इझ-पॅनेल हा क्लास. याची समीक्षा कशी करायची, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर आत्ताच दिसतोय. आमचं म्हणणं साधं आहे. हा मजकूर माणसांनी माणसांसाठी लिहिलाय. त्यात निवडी आहेत, गृहीतकं आहेत, आणि तो वाचल्याशिवाय पुढच्या माणसाला त्यावर स्वतःचं काही लिहिता येत नाही. मग त्याला समीक्षेतून सूट कशाला द्यायची? शिवाय त्याच्या पोटातून निघालेल्या खिडक्यांवर लोकांनी ‘पुढे’ दाबलेलं आहे. वाचक नाही म्हणायला जागा नाही.

आधी दोन शब्द ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी. इन्स्टॉलर तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. नवीन सॉफ्टवेअर आणलं, डबल क्लिक केलं, एक खिडकी उघडली. पहिल्या पानावर स्वागत. दुसऱ्यावर परवान्याच्या अटी. मग कुठल्या फोल्डरमध्ये टाकू, मग त्यातले कुठले भाग हवेत, मग ती हळूहळू भरत जाणारी पट्टी, आणि शेवटी ‘समाप्त’. यातलं प्रत्येक पान म्हणजे इझपॅकच्या भाषेत एक पॅनेल. हॅलो-पॅनेल, लायसन्स-पॅनेल, टार्गेट-पॅनेल, पॅक्स-पॅनेल, इन्स्टॉल-पॅनेल, फिनिश-पॅनेल. आणि या सगळ्यांचा पूर्वज एकच, इझ-पॅनेल. जे सगळ्या पानांना समान लागतं ते एकदाच इथे लिहून ठेवायचं, बाकीच्यांनी वारशानं घ्यायचं. याला बेस क्लास म्हणतात. वारशात घर मिळतं तसं घरावरचं कर्जही मिळतं, ही गोष्ट आपल्याकडे वेगळी समजावून सांगायला नको.

इझपॅक हा प्रकल्प ज्युलियाँ पोंज यांनी 2001 मध्ये सुरू केला. तो काळ लक्षात ठेवा. जावाच्या स्विंग या खिडक्यांच्या संचाचा तेव्हा बोलबाला होता, आणि एकच इन्स्टॉलर विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हीकडे चालावा ही खरी गरज होती. त्या गरजेला इझपॅकनं चांगलं उत्तर दिलं. आम्ही पुढे जे बोलणार आहोत ते या श्रेयाला धरूनच ऐका.

आता मजकुराकडे. आम्ही चौथी आवृत्ती समोर ठेवलीय. पाचवीत बरीच फेरमांडणी झाली, काही नावं बदलली, पण मूळ सांगाडा ओळखू येतो.

इझ-पॅनेल हा स्विंगच्या जे-पॅनेलचा वंशज आहे. जे-पॅनेल म्हणजे पडद्यावरचा एक चौकोन, ज्यात बटणं, रकाने, लेबलं ठेवता येतात. म्हणजे पहिल्याच ओळीत, वर्गाच्या जाहीरनाम्यातच, एक विधान झालं: इन्स्टॉलरमधला प्रश्न हा एक चौकोन आहे. ही ओळ विसरू नका, सगळं भांडण तिच्यापाशी आहे. त्यानंतर कन्स्ट्रक्टर येतो. पॅनेल जन्माला घालताना त्याला दोन गोष्टी द्याव्या लागतात. एक, ज्या मोठ्या खिडकीत ते बसणार ती खिडकी, आणि दोन, आतापर्यंत जमलेली सगळी माहिती. खिडकीशिवाय पॅनेलचा जन्मच नाही.

मग वर्गाच्या मुख्य मेथड. पॅनेल-अ‍ॅक्टिव्हेट, म्हणजे पान समोर आलं की काय करायचं. पॅनेल-डीअ‍ॅक्टिव्हेट, पान सोडताना काय करायचं. इज-व्हॅलिडेटेड, म्हणजे माणसानं ‘पुढे’ दाबल्यावर त्याला पुढे जाऊ द्यायचं की नाही. मेक-एक्सएमएल-डेटा, म्हणजे माणसानं दिलेली उत्तरं फाइलमध्ये उतरवून ठेवणं. आणि गेट-समरी-बॉडी, शेवटच्या गोषवाऱ्यात या पानानं स्वतःबद्दल काय सांगायचं.

शिवाय काही तयार हत्यारं आहेत. माणसाला सूचना द्या, इशारा द्या, चूक दाखवा, हो-नाही विचारा. पान उघडल्यावर कर्सर कुठल्या रकान्यात हवा तेही सांगता येतं. खिडकीकडे निरोप पाठवून ‘पुढे’ बटण बंद किंवा चालू करता येतं. ही मांडणी आम्हाला मनापासून आवडते. एखाद्या नवशिक्या प्रोग्रामरनं दुपारी बसावं, इझ-पॅनेलचा वारस काढावा, दोन रकाने ठेवावेत, इज-व्हॅलिडेटेडमध्ये चार ओळी लिहाव्यात आणि चहाच्या वेळेपर्यंत त्याचं स्वतःचं पान इन्स्टॉलरमध्ये चालू व्हावं. या साधेपणाला आम्ही हलकं मानत नाही. कित्येक बेस क्लास असे असतात की वारसाला आधी पंधरा गोष्टींची पूर्तता करावी लागते, एखाद्या सरकारी योजनेसारखी, आणि मग कुठे लाभ मिळतो. इथे सगळ्याला काही ना काही डीफॉल्ट आहे. काहीही लिहिलं नाही तरी पान चालतं.

आणि इथेच आम्ही थांबतो. इज-व्हॅलिडेटेडचा डीफॉल्ट काय आहे? ट्रू. म्हणजे हो. वारसानं काहीच म्हटलं नाही तर माणसाला पुढे जाऊ द्या. मौन म्हणजे संमती.

एक प्रश्न आत्ताच आलाय, तो घेतो. विचारलंय की, “मग फॉल्स ठेवलं असतं तर? किंवा डीफॉल्ट ठेवलाच नसता आणि प्रत्येकाला लिहायला भाग पाडलं असतं तर?” चांगला प्रश्न आहे. आम्हीही आधी तसंच म्हणायचो. पण विचार करा, हॅलो-पॅनेलमध्ये तपासण्यासारखं काय आहे? “नमस्कार, हे अमुक सॉफ्टवेअर.” त्यात माणूस काय चुकणार? बहुतेक पानांचं खरं उत्तर ‘हो’च आहे. सगळ्यांना लिहायला भाग पाडलं तर सगळे एक ओळ चिकटवून मोकळे होतात, रिटर्न ट्रू. सक्तीनं विचार होत नाही, सवय होते. आमच्याकडे प्रत्येक अर्जाखाली ‘वरील माहिती सत्य आहे’ असं लिहून घेतात, त्यानं किती माहिती सत्य झाली? तेव्हा त्या ट्रू शब्दावर आमचा राग नाही. तो शब्द ज्या घरात राहतो त्या घराबद्दल आमची तक्रार आहे.

मुद्दा नीट मांडतो. इन्स्टॉलर दर वेळी खिडकीतच चालतो असं नाही. सर्व्हरला पडदा नसतो. शंभर संगणकांच्या प्रयोगशाळेत कोणी शंभर वेळा ‘पुढे’ दाबत बसत नाही. म्हणून इझपॅकनं सोय केली. फिनिश-पॅनेलवर एक बटण आहे. ते दाबलं की तुम्ही आतापर्यंत दिलेली सगळी उत्तरं एका एक्सएमएल फाइलमध्ये लिहिली जातात. पुढच्या संगणकावर ती फाइल इन्स्टॉलरला द्यायची, खिडकी उघडत नाही, सगळं आपोआप होतं. तिसरी वाट म्हणजे कन्सोल, काळ्या पडद्यावर ओळीनं प्रश्न आणि ओळीनं उत्तरं.

म्हणजे एकच प्रश्न, ‘कुठल्या फोल्डरमध्ये टाकू?’, तीन ठिकाणी विचारला जातो: खिडकीत, कन्सोलवर आणि फाइलमधून. पण प्रश्न तर चौकोन आहे! जे-पॅनेलचा वंशज. पडदा नसलेल्या यंत्रावर चौकोन कुठून आणायचा? म्हणून प्रत्येक पॅनेलशेजारी आणखी दोन वर्ग उभे राहिले. टार्गेट-पॅनेल, त्याचा ऑटोमेशन-हेल्पर, त्याचा कन्सोल-हेल्पर. ते शोधायचे कसे, तर नावावरून. पॅनेलच्या नावाला शेपूट जोडायचं आणि त्या नावाचा वर्ग आहे का पाहायचं. नाव एका अक्षरानं चुकलं तर हेल्पर सापडत नाही. तीन वर्गांमध्ये रक्ताचं नातं नाही, फक्त नावाचं साम्य आहे. एकाच आडनावाचे तीन लोक, पण कोणी कोणाला ओळखत नाही अशी स्थिती.

आता टार्गेट-पॅनेल उघडून पाहू, कारण दोष उदाहरणात दिसतो. हे पॅनेल पाथ-इनपुट-पॅनेल नावाच्या मधल्या पूर्वजाकडून येतं. तिथल्या इज-व्हॅलिडेटेडमध्ये खरोखर शहाणपण आहे. रकाना रिकामा आहे का पाहतो. फोल्डर आधीच अस्तित्वात असेल तर माणसाला विचारतो, हे आधीच आहे, इथेच टाकायचं हे नक्की ना? तिथे लिहिता येतं का ते पाहतो. आणि हे सगळं पार झालं की टार्गेट-पॅनेलचा इज-व्हॅलिडेटेड तो पत्ता इन्स्टॉलरच्या सामायिक माहितीत नोंदवतो.

दोन गोष्टी बघा. मेथडचं नाव प्रश्नार्थक आहे, ‘वैध आहे का?’, आणि ती काम करतेय. विचारता विचारता नोंद करून टाकली. असं का झालं, तर लिहिणाऱ्याला दुसरी सोयीची जागाच नव्हती. पान सोडतानाची मेथड आहे खरी, पण तिला ‘नाही’ म्हणता येत नाही. ‘हो’ ठरण्याच्या क्षणी हातात असलेली जागा एकच. म्हणून इझ-पॅनेलच्या वारसांमध्ये तपासणी आणि नोंद एकाच मेथडमध्ये कोंबलेली दिसते. आम्ही स्वतः तसंच लिहिलंय, वर्षानुवर्षं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. आता त्याच टार्गेट-पॅनेलचा ऑटोमेशन-हेल्पर उघडा. तो फाइलमधून पत्ता वाचतो, त्यातली चलं भरतो, आणि नोंदवतो. बस. फोल्डर आधीच आहे का, हा प्रश्न तिथे नाही. ते शहाणपण चौकोनात राहिलं. ज्या वाटेवर माणूस समोर बसलाय, डोळे उघडे आहेत, तिथे तीन वेळा खात्री. ज्या वाटेवर कोणीच बघत नाही, तिथे एकदाही नाही. खरं तर गरज उलटी होती.

इथे आमची एक गोष्ट सांगून टाकतो. साधन वेगळं होतं, पण पानांची घडण हीच, आणि चूक पूर्णपणे आमची होती. एका पतसंस्थेच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी इन्स्टॉलर केला होता. त्यात आम्ही मोठ्या अभिमानानं एक तपासणी लिहिली होती. दिलेल्या फोल्डरमध्ये जुनी डेटा फाइल सापडली तर लाल अक्षरात इशारा, आणि ‘पुढे’ बंद. कार्यालयातल्या संगणकावर दाखवलं, व्यवस्थापकांनी मान डोलावली. नंतर शाखांमध्ये बसवायची वेळ आली तेव्हा आमच्यातल्या एकानं उत्तरांची फाइल बनवली आणि ती सगळीकडे चालवली. वेळ वाचला म्हणून खूष. एका शाखेत त्याच पत्त्यावर जुना डेटा होता. इशारा आला नाही, कारण इशारा खिडकीचा होता आणि खिडकी उघडलीच नव्हती. नवी रिकामी फाइल जुनीवर बसली. चार दिवसांच्या पावत्या शाखेतल्या दोघीजणींनी कागदावरून पुन्हा भरल्या, रात्री नऊपर्यंत बसून. आम्ही बाजूला उभे राहून आकडे वाचून दाखवत होतो. त्यातल्या मोठ्या ताईंनी एकदाच विचारलं, “दादा, ते लाल अक्षरातलं तुम्ही आम्हाला दाखवलं होतं ना, मग ते आलं का नाही?” त्याचं उत्तर तेव्हा देता आलं नाही. आजचं बोलणं हे एका अर्थानं ते उत्तर आहे.

असो. इझपॅककडे परत येऊ, कारण त्या प्रकल्पालाही ही अडचण जाणवलेली आहे, आणि त्यांनी उपाय केला. डेटा-व्हॅलिडेटर नावाचा एक वेगळा करार आणला. हा चौकोन नाही. याला फक्त जमलेली माहिती मिळते आणि तो तीनपैकी एक उत्तर देतो: ठीक, इशारा, चूक. पॅनेलच्या वर्णनात एक ओळ लिहून तो जोडायचा. आणि त्या करारात एक छोटी मेथड आहे जी आम्हाला या सगळ्या कोडमधली सर्वांत प्रामाणिक ओळ वाटते: गेट-डीफॉल्ट-अ‍ॅन्सर. म्हणजे उत्तर इशाऱ्याचं असेल आणि विचारायला समोर माणूसच नसेल, तर पुढे जायचं की थांबायचं? हा प्रश्न बेस क्लासमध्ये कधी विचारलाच गेला नव्हता. तिथे मौन म्हणजे संमती हे न बोलता ठरलेलं होतं. इथे ते शब्दांत लिहावं लागतं. लिहिणाऱ्याला दोन मिनिटं थांबावं लागतं की, रात्री दोन वाजता, कोणी नसताना, मी काय करू?

पण मूळ वर्ग तसाच राहिला. इज-व्हॅलिडेटेड काढून टाकता येत नाही, जगभर लोकांनी त्यावर पानं लिहिलीत. म्हणून आता दोन दारं. एक समोरचं, सोपं, ज्यातून सगळे जातात. आणि एक बाजूचं, योग्य, ज्याचा पत्ता ज्याला चटका बसलाय त्यालाच माहीत. बेस क्लासच्या बाबतीत हे नेहमी होतं. त्यात नंतर भर घालता येते, पण पहिल्या ओळीत झालेलं विधान मागे घेता येत नाही.

कोणी म्हणेल, हा वारसा-पद्धतीचाच दोष, क्लासऐवजी दुसरं काही वापरा. तर तसंही नाही. विंडोज इन्स्टॉलर पाहा, ज्याच्या एमएसआय फाइली तुम्ही ऐकल्या असतील. तिथे संवादांचा बेस क्लासच नाही. सगळं कोष्टकांमध्ये. एका कोष्टकात संवाद, दुसऱ्यात त्यातली बटणं-रकाने, तिसऱ्यात बटण दाबल्यावर काय व्हावं. अगदी स्वच्छ कारकुनी. पण तिथेही क्रियांच्या दोन रांगा आहेत, एक संवादांची आणि एक प्रत्यक्ष कामाची. मुकाट्यानं बसवण्याचा आदेश दिला की संवादांची रांग पूर्णच गाळली जाते. जी तपासणी फक्त त्या रांगेत ठेवली ती त्या दिवशी होत नाही. परवान्याचं पानही तिथेच असतं, तेही गेलं. कोष्टक असो की क्लास, शंका पडद्याला बांधली की पडद्यासोबत जाते.

इनो सेटअपनं याच्यावर काढलेला तोडगा मात्र ऐकण्यासारखा आहे. जॉर्डन रसेल यांचं हे साधन 1997 पासून चालू आहे. त्यात ‘पुढे’ दाबल्यावर चालणारं एक फंक्शन तुम्ही लिहू शकता. ट्रू दिलं तर पुढचं पान, फॉल्स दिलं तर तिथेच थांबा. इथपर्यंत इझ-पॅनेलसारखंच. पण मुक्या इन्स्टॉलमध्ये, जिथे बटणच दिसत नाही, तिथेही हे फंक्शन बोलावलं जातं. इन्स्टॉलर स्वतःच बटण दाबल्याचं सोंग करतो! आणि फाइली उतरवणं सुरू व्हायच्या आधी तुमच्या फंक्शननं फॉल्स दिलं तर तो गुपचूप पुढे जात नाही, बंद होतो. रचना म्हणून हे थोडं हास्यास्पद आहे हे मान्य. न दिसणाऱ्या खिडकीतलं न दिसणारं बटण कोणीतरी न दिसणाऱ्या बोटानं दाबतंय. पण त्या पतसंस्थेत हे सोंग असतं तर आमच्या पावत्या वाचल्या असत्या. शुद्ध रचनेपेक्षा असं सोंग पत्करलं, असं आम्ही आता म्हणतो. दहा वर्षांपूर्वी म्हटलं नसतं.

तिसरं उदाहरण डेबियनमधलं, डेबकॉन्फ. जोई हेस यांनी लिहिलेलं. ज्यांना लिनक्स माहीत नाही त्यांच्यासाठी: तिथे सॉफ्टवेअर पॅकेजांमधून येतं आणि काही पॅकेजांना बसताना प्रश्न विचारावे लागतात. डेबकॉन्फमध्ये पॅकेज खिडकी उघडत नाही. ते फक्त सांगतं, मला हा प्रश्न विचारायचाय, याचं महत्त्व इतकं. महत्त्वाच्या चार पायऱ्या आहेत, कमी, मध्यम, जास्त, आणि अत्यावश्यक. मग तो प्रश्न कुठे, कसा दाखवायचा हे दर्शनी भाग ठरवतो. मजकुरी चौकटीत, साध्या ओळींमध्ये, चित्रमय खिडकीत, किंवा मुळीच न दाखवता.

गंमत म्हणजे इथेही एक बेस क्लास आहे. पर्ल भाषेत, एलिमेंट नावाचा. पण तो चौकोनाचा वंशज नाही. चौकोन त्याचे वंशज आहेत, आणि मुके एलिमेंटही त्याचेच. एका घरात बोलणारी आणि न बोलणारी भावंडं. या बेस क्लासमध्ये एक मेथड आहे, व्हिजिबल. हा प्रश्न माणसाला दिसणार आहे का? तिचं कारण फार व्यवहारी आहे. पॅकेज म्हणतं, चुकीचं उत्तर आलं तर पुन्हा विचारीन. समोर माणूसच नसेल तर तेच डीफॉल्ट उत्तर परत परत येणार, आणि पॅकेज जन्मभर विचारत राहणार. म्हणून प्रश्न दाखवला गेला नाही तर डेबकॉन्फ पॅकेजला तसं कळवतं, 30 हा आकडा परत देऊन. तुझा प्रश्न गाळला, आता तू ठरव.

आम्हाला हा 30 आकडा इझ-पॅनेलच्या ट्रूपेक्षा मोठा वाटतो. ट्रू म्हणतो, उत्तर हो आलं. तीस म्हणतो, कोणी उत्तर दिलेलंच नाही. उत्तर ‘हो’ आहे आणि उत्तर नाही, यात फरक आहे हे ज्या बेस क्लासला कळतं त्याच्यावर बांधलेल्या घरात आम्ही निर्धास्त झोपू.

डेबकॉन्फचं नुसतं कौतुक करायचं नाही. त्याचे प्रश्न फार गरीब आहेत. हो-नाही, एक ओळ, यादीतून निवड, पासवर्ड, टीप, अशा मोजक्या जाती. तीन रकाने शेजारी ठेवून एकाचं उत्तर दुसऱ्यावर लगेच परिणाम करतंय असं काही करायचं तर अडचण. इझपॅकचं पान त्यापेक्षा कितीतरी बोलकं. प्रश्नाला पडद्यापासून सोडवलं की पडद्याची श्रीमंतीही सुटते.

आणि सोडवलं तरी पडदा सूड घेतोच. डेबियनच्या इन्स्टॉलरचं मराठी भाषांतर झालेलं आहे, ते करणाऱ्यांचं काम मोठं आहे. प्रश्न वेगळा, दर्शन वेगळं अशी घडण असल्यामुळे ते तत्त्वतः प्रत्येक दर्शनी भागात चालायला हवं. पण साध्या मजकुरी पडद्यावर देवनागरी उमटत नाही. जोडाक्षरं, वेलांट्या, रफार त्या चौकटींच्या जाळ्यात बसत नाहीत. म्हणून मराठी फक्त चित्रमय इन्स्टॉलरमध्ये, आणि तो डेबियनसोबत 2007 च्या चौथ्या आवृत्तीपासून आला. ‘प्रश्न चौकोनात नसतो’ हे तत्त्व इंग्रजीसाठी जितकं सहज खरं आहे तितकं आपल्यासाठी नाही. आपल्या प्रश्नाला चौकोन लागतोच.

आणखी एक चिठ्ठी. “परवान्याचं काय? तिथे तर माणूस लागतोच ना?” हो, हे राहत होतं. इझपॅकचं लायसन्स-पॅनेल वर्ग म्हणून नमुनेदार आहे. दोन गोल बटणं, मान्य आणि अमान्य. सुरुवातीला ‘अमान्य’ निवडलेलं. पान उघडताच ‘पुढे’ बंद. मान्य केलं की उघडतं. बेस क्लासनं दिलेल्या ट्रूला इथे पूर्ण उलटं केलंय, मौन म्हणजे नकार. वारसानं वारशातलं कर्ज फेडलं असं म्हणू या. पण हेही चौकोनातच. मायक्रोसॉफ्टचे फॉन्ट बसवणारं एक पॅकेज आहे, ते परवान्याच्या अटी डेबकॉन्फकडून विचारतं. सर्व्हर सांभाळणारे काय करतात? आधीच उत्तरांच्या साठ्यात एक ओळ टाकून ठेवतात: मान्य आहे, ट्रू. ती ओळ एकमेकांकडून नकलून घेतलेली असते. अटी वाचल्या कोणी? पण निदान तिथे कोणाला तरी ‘मान्य’ हे लिहावं लागलं, स्वतःच्या हातानं, फाइलमध्ये, आणि उद्या विचारलं तर ती ओळ दाखवता येते. एमएसआयच्या मुक्या वाटेवर पानच नाहीसं होतं आणि दाखवायला काहीच उरत नाही.

आमच्या त्या इन्स्टॉलरचं पुढे काय केलं, असंही एकानं विचारलंय. तपासणी पानातून काढून वेगळ्या छोट्या वर्गात ठेवली. त्याला फक्त पत्ता द्यायचा, तो सांगतो जुना डेटा आहे की नाही. पान त्याला विचारून लाल अक्षरं दाखवतं. फाइलवरून चालणारी वाट त्यालाच विचारते आणि डेटा असेल तर काम थांबवून नोंदवहीत कारण लिहिते. डीफॉल्ट उत्तर ‘थांब’ ठेवलं. त्यामुळे दोन शाखांमध्ये इन्स्टॉल अर्धवट थांबलं आणि आम्हाला फोन आले. व्यवस्थापक म्हणाले, आधीचं बरं होतं, थांबायचं नाही. आम्ही ते बदललं नाही.

पुढच्या वेळी याच साधनाचा अनइन्स्टॉलर घेऊ. तिथे पानांची रांग नाही, पॅनेल नाही. एक खिडकी, आणि त्यात फोल्डर जबरदस्तीनं काढून टाकायचं का, असं विचारणारा एक चेकबॉक्स. ज्यांना सवड असेल त्यांनी तो आधी उघडून बघावा.